पुण्याच्या पेठांतील मांजर : एक बिननोंदीचें राखण

शहराचा इतिहास लिहितांना ज्यांच्या खर्चाची नोंद झाली त्यांचाच विचार बहुधा होतो. हत्तींस पीलखाना, उंटांस उष्टरखाना, शिकारीच्या जनावरांस शिकारखाना. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांची ही यादी अभ्यासकांस पाठ आहे. त्याच यादींत अंबरखाना, मुदपाकखाना व दफ्तरखाना हीं तीन नांवें आहेत. धान्य, अन्न आणि कागद, या तिहींवर उंदीर यावयाचा. आणि जेथें उंदीर तेथें मांजर ओघानेंच आलें. तथापि मार्जारखाना असें खातें त्या यादींत नाहीं. ज्यास रोजमुरा नाहीं त्याचें नांव हिशेबीं चढत नाहीं. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांतील मजकुराची चर्चा विद्वानांनीं पुष्कळ केली; पण हे कागद आमच्या हातीं येईपर्यंत टिकले कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच्या अनेक उत्तरांपैकीं एक बारीकसें उत्तर येथें मांडावयाचें आहे.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखकानें वाचकास केलेली विनवणी संग्राहकांच्या पाहण्यांत नित्य येते. पाणी, तेल व सैल बांधणी यांपासून पोथी राखावी, हें तर सर्वश्रुत आहे. कांहीं पोथ्यांत मात्र अग्नि, उदक व चोर यांच्या पंक्तीस मूषकहि बसविलेला आढळतो. नकलनविसास शत्रु कोण हें नेमकें ठाऊक होतें. अग्नि व उदक यांचा बंदोबस्त माणूस करी, चोरासाठीं कुलूप व पहारेकरी असे; चौथ्या शत्रूचा बंदोबस्त ज्यानें केला त्याचा उल्लेख पुष्पिकेंत नाहीं.

कोशकारांनीं मात्र त्याची नोंद चोख ठेविली आहे. अमरकोशांत मार्जार, बिडाल, ओतु यांच्या जोडीस वृषदंशक व आखुभुक् हीं नांवें येतात. तीं दोन्ही उंदराशीं असलेल्या वैरावरून पडलीं आहेत. मार्जार शब्द मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें या धातूपासून साधतात. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत मार्जाराचीं मंजर व वंजर अशीं रूपें दिलीं आहेत. आमचें मराठी मांजर त्यांपैकीं पहिल्याच्या वंशांतलें, हें उघड आहे.

धर्मशास्त्राची दृष्टि याहून गुंतागुंतीची आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ढोंगी मनुष्यास मांजराच्या व्रताचा म्हणून हिणविलें आहे. तर अकराव्या अध्यायांत मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितलें आहे. म्हणजे विश्वास ठेवावयाचा नाहीं, पण मारावयाचेंहि नाहीं. महाराष्ट्रांत हेंच लोकसमजुतीनें आपल्या पद्धतीनें बोलून दाखविलें : मांजर हातून मेलें तर सोन्याचें मांजर करून काशीस नेऊन द्यावें लागतें. आडवें गेलें तर चार पावलें मागें फिरणारा मनुष्यहि त्यास दगड मारतांना कचरे, तें यामुळेंच.

पुण्यापुरती यांत आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी लागते. या शहराचें ग्रामदैवत कसब्याचा गणपति, आणि उंदीर त्याचें वाहन. गृहस्थानें वाहनास मारावें कसें, आणि न मारावें तर धान्य व पोथ्या राखाव्या कशा? हा पेंच मांजरानें परस्पर सोडविला, असें आमचें मत आहे. त्याचें कर्म त्याच्या जातिस्वभावाचें. पाप घरधन्याकडे येत नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत लोमश मांजर व पलित उंदीर यांचा संवाद आहे. संकटापुरती मैत्री, संकट टळतांच अंतर, असें त्याचें तात्पर्य. ज्या महाभारताची चिकित्सित आवृत्ति भांडारकर संस्थेनें याच शहरांत १९६६ सालीं पुरी केली, त्यांतील हा नीतिपाठ पुणेंकर गृहस्थानें व वाड्यांतील मांजरानें पिढ्यान् पिढ्या आचरिला.

वाड्याची रचनाच त्यास अनुकूल होती. चौक, ओसरी, माजघर, कोठीची खोली आणि वर माळा. भिंतीस भिंत लागलेली असल्यामुळें कौलांवरून एका आळींतून दुसऱ्या आळींत जाण्यास वाट मोकळी. मांजर आपलीं पिलें सात घरीं फिरवितें असें बायका म्हणतात. तेव्हां एका मांजराचा अंमल सात घरांवर, आणि मालकी एकाचीहि नाहीं. दुधादह्यासाठीं घराघरांत शिंकें टांगलेलें असे. शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें फावलें, ही म्हण त्या नित्याच्या झगड्याची साक्ष आहे. एकीकडे शिंकें उंच बांधणारी गृहिणीच दुसरीकडे परसांत ताकभात टाकी. शिंकें हा तिचा बंदोबस्त आणि ताकभात हा तिचा तह.

या तहाची खरी किंमत साथीच्या काळांत कळली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत शिरला. रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले १० मार्च रोजीं याच रोगानें निवर्तल्या. रँडच्या कमिटीनें सोजिरांकरवीं घरें तपासलीं, जमिनी उकरल्या, सामान जाळलें. त्या जुलमाचा शेवट २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला. तो इतिहास सर्वांस विदित आहे. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, हा सारा मारा माणसावर व घरावर होता. उंदराच्या अंगावरील पिसवेकडे त्या वेळीं कोणाचें लक्ष नव्हतें.

तें लक्ष पुढल्याच वर्षीं वेधलें गेलें. १८९८ च्या जूनांत, तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या कराचीस, सिमाँ या फ्रेंच वैद्यानें प्लेगग्रस्त उंदीर बरणींत ठेविला. पिसवा भरपूर असाव्या म्हणून त्यानें आपल्या मुक्कामाच्या हॉटेलांतील मांजराच्या अंगावरील कांहीं पिसवा त्यांत सोडल्या. तो उंदीर मेला आणि त्यास न शिवलेला, जाळीपलीकडचा निरोगी उंदीरहि प्लेगानें दगावला. प्लेगाच्या शोधांत मांजर असें नकळत साक्षीस उभें राहिलें. पुढें १९०८ सालीं वऱ्हाडांत अमरावतीकडे काम केलेला सरकारी डॉक्टर बुकॅनन यानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें मांजर हें प्लेगाचें निवारक आहे, मांजरें पुष्कळ तेथें रोग थोडा, असा पक्ष मांडला.

हा पक्ष जसाच्या तसा घेणें योग्य होणार नाहीं. मांजरासहि प्लेग होतो आणि त्यापासून माणसास होऊं शकतो, हें आतां सिद्ध आहे. शिवाय माळ्यावरील रुमालांत विणारें मांजर कागदाचें काय करतें, हें कोणत्याहि संग्राहकास सांगावयास नको. म्हणून आमचें म्हणणें माफक आहे : मांजर हें औषध नव्हे, तर धान्य, घर आणि कागद यांमधील एक जुनी, फुकट मिळालेली राखण होय.

आज वाडे पडून तेथें सदनिका उभ्या राहिल्या. कौलांची सलग वाट तुटली, मांजर माळ्यावरून उतरून वाहनतळांत आलें. त्याबरोबरच रुमालहि माळ्यांवरून उतरले. कांहीं संस्थांत गेले, कांहीं रद्दींत. महानगरपालिकेनें भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचें काम हातीं घेतलें आहे. त्यामुळें अठरा कारखान्यांत ज्यास खातें नव्हतें त्याची नोंद सरकारी कागदांत होऊं लागली. ती योग्यच आहे. पण नोंद ठेवणाऱ्यांनीं मारण्याचा मार्ग धरूं नये, एवढी आमच्या पूर्वजांची समज शिल्लक राहावी.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे. पोथीची सूची करतांना वाळवी, कसर व उंदीर यांनीं केलेली हानि वेगवेगळी नोंदवावी आणि पोथी कोणत्या आळींतील, कोणत्या वाड्याच्या माळ्यावर वा कोठींत मिळाली हेंहि लिहावें. कुरतडलेल्या पानाइतकेंच न कुरतडलेलें पानहि पुराव्याचें असतें. तें कोणी राखलें हें विचारण्याची संवय आम्हीं लावून घेतली पाहिजे.