झाडीपट्टीत पडलेले गोळे

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची रांग सरकत गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, माणसाच्या उंचीहून मोठ्या व्यासाचे धातूचे कडे येऊन आदळले. पाठोपाठ आसपासच्या शिवारांत गोळेही सापडले. अर्जुनी मोरगावहून बल्लारशाकडे जाणारी गाडी वडसा, नागभीड मागे टाकून सिंदेवाहीला पोचते. धानाची आणि तलावांची हीच झाडीपट्टी.

इस्रोचे शास्त्रज्ञ तपासणीला आले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे तुकडे फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत. हा टप्पा द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालतो. अशा टप्प्यांत गोल बाटल्यांमध्ये प्रचंड दाबाखाली वायू, बहुधा हेलियम, भरलेला असतो. टाक्यांतला दाब राखायला आणि झडपा चालवायला तो लागतो.

दाबाची एवढी काळजी कशासाठी? द्रव हायड्रोजन उणे 253 अंशांना उकळतो आणि टाकीत तो कायम त्या उंबरठ्यावरच असतो. दाब घसरला की उकळी फुटते, बुडबुडे पंपात शिरतात आणि इंजिनाला इंधन नीट मिळत नाही. बाहेरची उष्णता आत झिरपून दाब चढत गेला, तर वजन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेली टाकी फाटू शकते.

अमेरिकेच्या सेंटॉर रॉकेटने हे सुरुवातीलाच भोगले. त्याच्या पोलादी टाकीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. आतल्या दाबावरच तिचा आकार टिकायचा. 8 मे 1962 च्या पहिल्याच उड्डाणात मिनिटभरातच उष्णतारोधक आवरण उखडले, टाकी फुटली आणि रॉकेटचा स्फोट झाला. सेंटॉर यशस्वी व्हायला 27 नोव्हेंबर 1963 उजाडला. पुढे अपोलोच्या तयारीत, 5 जुलै 1966 रोजी, नासाने हायड्रोजनच्या टाकीत चक्क टीव्ही कॅमेरा बसवून एक रॉकेट कक्षेत धाडले. वजनहीन अवस्थेत द्रव कसा वागतो, हे त्यातून पाहायचे होते.

अशाच अतिथंड इंधनावरच्या, म्हणजे क्रायोजेनिक, इंजिनांसाठी भारताने 1991 मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी करार केला. अमेरिकेने 1992 मध्ये निर्बंध लादले आणि पुढच्या वर्षी रशियाने तंत्रज्ञान द्यायचे नाकारले. तयार टप्पे तेवढे देऊ केले. मग स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे काम हाती घेण्यात आले. त्याच्या इंजिनांच्या घडणीत मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेज कारखान्याचा मोठा वाटा आहे. 15 एप्रिल 2010 चे पहिले उड्डाण फसले, 5 जानेवारी 2014 चे साधले.

तरी दाबाने एकदा गाठलेच. 12 ऑगस्ट 2021 रोजी पहाटे श्रीहरिकोट्याहून इस्रोचे जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट झेपावले. पहिले दोन टप्पे बिनचूक चालले. तिसरा, क्रायोजेनिक टप्पा मात्र पेटायच्या वेळी गडबडला आणि ईओएस-03 हा उपग्रह गेला. चौकशी समितीचे बोट थांबले ते हायड्रोजनच्या टाकीवरच्या एका झडपेवर. जास्तीचा वायू बाहेर सोडायचा आणि वेळ आली की घट्ट मिटायचे, एवढेच तिचे काम. ती गळत होती. त्यामुळे इंजिन पेटताना टाकीत पुरेसा दाब नव्हता आणि टाकीच्या आतच बसवलेला इंधनाचा बूस्टर पंप नीट चालला नाही. झडपेतल्या मऊ सीलला इजा झाली असावी, असा समितीचा निष्कर्ष होता. झडप वापरताना, कचऱ्याचा कण अडकून किंवा कडाक्याच्या थंडीत जोडणीवर ताण येऊन तसे झाले असावे.

उपाय दोन बाजूंनी झाले. झडप आणि तिच्या नळ्या मजबूत केल्या. शिवाय इंजिन पेटण्याआधी टाकीत बाहेरून दाब भरण्याची सोय केली. एरवी तो आतल्या वायूच्या भरवशावर चढत असे. उड्डाणाला हिरवा कंदील देण्यापूर्वी टप्प्याची आणखी काही मापे आपोआप तपासली जाऊ लागली.

29 मे 2023 रोजी जीएसएलव्ही-एफ12 ने एनव्हीएस-01 हा उपग्रह नेमक्या कक्षेत सोडला. 29 जानेवारी 2025 रोजी, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात, एफ15 च्या क्रायोजेनिक टप्प्यानेही आपले काम चोख केले. अडकला तो एनव्हीएस-02 उपग्रह: त्याच्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपाच उघडल्या नाहीत.