बर्फ पाहणारे आणि बर्फ उपसणारे : एक प्रस्तावना

हवामान आणि माणसाचे मन यांचा संबंध भूगोलात मोडतो की मानसशास्त्रात, हा वाद या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने सुरुवातीलाच घालत बसू नये. त्यापेक्षा एखादा मुलूख धरावा आणि तिथल्या माणसांना हिवाळ्याबद्दल विचारावे. थंड प्रदेशातल्यांना बर्फ सवयीने आवडतो आणि उष्ण प्रदेशातल्यांना नवलाईने, अशी एक सोपी समजूत आहे. ती फार दूर नेत नाही. पडलेला बर्फ उपसायचा कोणी आणि वितळल्यावर त्याचे पाणी जायचे कोणाच्या शेतात, यावर आवडनिवड बरीचशी ठरते असे माझे मत आहे. ते तपासून पाहायला जपानइतका सोयीचा देश नाही.

हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या कण्याशी असलेल्या डोंगरांवर चढताना ते बर्फाच्या रूपाने टाकतात. डोंगरापलीकडच्या टोकियोला मिळते ती कोरडी हवा आणि लख्ख ऊन. महाबळेश्वरला झोडपणारा पाऊस घाट उतरून वाईपर्यंत येताना कसा ओसरतो, हे पाहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको. पश्चिमेकडचा हा भाग म्हणजे जुना एचिगो, आजचा निगाता प्रांत. तिथल्या ताकादा गावी फेब्रुवारी 1945 मध्ये साचलेल्या बर्फाची उंची 377 सेंटिमीटर भरली होती.

याच एचिगोतल्या शिओझावा गावचा सुझुकी बोकुशी (1770–1842) हा कापडाचा व्यापारी. तरुणपणी माल विकायला तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेला. आपल्या गावच्या बर्फाची तिथे कोणाला कल्पनाच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने ‘होकुएत्सु सेप्पु’ लिहिले. प्रकाशक मिळवण्यातच त्याची अनेक वर्षे गेली आणि पुस्तक 1837 साली एदोत निघाले. त्याची तक्रार साधी आहे : एदोत चार बोटे बर्फ पडला की लोक मद्याचे पेले आणि कवितेच्या वह्या काढतात, आमच्याकडे पहिला बर्फ पडला की छप्पर वाचवायची चिंता लागते. एकच बर्फ, एकच देश, मध्ये फक्त एक डोंगररांग. या विषयातला पहिला तुलनात्मक अभ्यास मी यालाच म्हणेन, आणि तो एका व्यापाऱ्याने केला याचे मला विशेष वाटते.

पण बोकुशी नुसता रडगाणे गात नाही. तो ज्या कापडाचा धंदा करी ते ‘चिजिमी’ बर्फाशिवाय होतच नाही. रॅमी नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेला त्याचा बारीक धागा कोरड्या हवेत तटकन तुटतो. बर्फाने वेढलेल्या घरातल्या दमट हवेत तो टिकतो. बायका सारा हिवाळा मागावर बसत. विणलेले ठाण हिवाळा सरताना उन्हात, बर्फाच्याच पठारावर पसरायचे म्हणजे ते पांढरेशुभ्र होते. ही कला आजही जिवंत आहे. 2009 साली युनेस्कोच्या वारसा यादीत तिची नोंद झाली. छपरावरचा बर्फ जिवावर उठणारा आणि पठारावरचा पोटाला घालणारा, तोही त्याच घरात.

बर्फावरची सगळ्यांत गाजलेली जपानी कादंबरी, कावाबाताची ‘युकिगुनी’, याच टापूत घडते. तिचा नायक मात्र टोकियोहून आगगाडीने येणारा पाहुणा आहे. डोंगराखालचा बोगदा 1931 साली खुला झाला आणि बर्फाचा मुलूख शहरी माणसाच्या सुट्टीच्या पल्ल्यात आला. पाहुण्याची नजर खोटी नसते. फक्त तिला फावडे धरावे लागत नाही.

या दोन नजरा एकत्र आणल्या त्या नाकाया उकिचिरो या शास्त्रज्ञाने. होक्काइदो विद्यापीठात 1936 साली सशाच्या केसावर त्याने जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. स्फटिकाच्या सौंदर्याने तो भारावला होताच, तरी 1938 च्या ‘युकी’ या छोट्या पुस्तकाची सुरुवात तो बोकुशीपासून आणि बर्फाने होणाऱ्या नुकसानीपासून करतो. बर्फ ही आपत्ती आहे हे सरकारदरबारी पटवायला त्या भागातल्या लोकांना फार झगडावे लागले. अतिहिमवृष्टीच्या प्रदेशांसाठीचा खास कायदा 1962 साली झाला. आज जपानची निम्मी भूमी त्याखाली येते. नागाओका शहराने त्याच सुमारास रस्त्यांत नळ घालून जमिनीखालचे कोमट पाणी बर्फावर फवारायला सुरुवात केली. पण छपरांचे काय? तरुण शहरात गेले आणि घरात म्हातारी माणसे उरली. बर्फ काढताना पडून वा त्याखाली सापडून दर हिवाळ्यात माणसे दगावतात, आणि त्यांत बहुतेक वृद्ध असतात.

इतर देशांकडे धावती नजर टाकली तरी धागा तोच दिसतो. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात दोन-अडीच इंच बर्फ पडला आणि हजारो माणसांनी रात्र रस्त्यावर, गाड्यांत काढली. उलट जपानमधल्याच साप्पोरोत हिवाळ्याभरात पाचेक मीटर पडतो आणि शहर त्याचा उत्सव करते.

आपल्याला जवळचे उदाहरण काश्मीरचे. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ‘चिल्लई कलां’, हा तिथला कडाक्याचा काळ. पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्याला बर्फ हवा असतो फोटोसाठी. काश्मिरी शेतकऱ्यालाही तो हवाच असतो, कारण या दिवसांत डोंगरावर पडलेलाच उन्हाळ्यापर्यंत टिकतो, आणि भातशेती नि सफरचंदाच्या बागा त्याच्या पाण्यावर जगतात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडे राहिले तेव्हा पर्यटक हिरमुसले आणि स्थानिकांनी बर्फासाठी प्रार्थना केल्या. दोघांची निराशा एकाच मापाने मोजणारी प्रश्नावली कोणी पुढे केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी बोकुशी. त्याचे इंग्रजी भाषांतर मिळते. मग नाकाया. कावाबाता नक्की वाचा, पण तिसरा.