लोणंदचा ‘ण’ आणि चार शेळ्या

रोमन अक्षरांत आपल्या गावाचं नाव लिहिलं की ‘ण’चा ‘न’ होतो. बाहेरचा माणूस मग ‘लोनंद’ वाचतो आणि आपण हसतो. पण आपल्याच वाड्यावस्त्यांवरची कितीतरी जुनी माणसं ‘लोनंद’ म्हणतात, ‘पानी’ म्हणतात, ‘कोन आलंय?’ विचारतात. त्यांना कुणी ‘अशुद्ध’ म्हटलं की मला खटकतं. का, ते सांगतो.

दोन आवाज भाषेत खरंच वेगळे आहेत का, हे पाहायची एक साधी कसोटी आहे. बाकी शब्द तसाच ठेवायचा, एकच आवाज बदलायचा. अर्थ बदलला की आवाज वेगळे. काल-काळ, गाल-गाळ, मूल-मूळ. मन आणि मण.

या जोड्या आल्या कुठून? संस्कृतातल्या ‘काल’चा आपण ‘काळ’ केला. आपला ‘काल’, म्हणजे कालचा दिवस, मात्र ‘कल्य’वरून आला, प्राकृतात त्याचं ‘कल्ल’ झालं होतं. एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला, जोड ‘ल्ल’चा ‘ल’ उरला. ‘ण’चंही तसंच. ‘पानीय’चं पाणी झालं, आणि ‘पर्ण’चं ‘पण्ण’ होऊन पुढं पान. म्हणजे मुळात ‘न’ होता तिथं ‘ण’ आला आणि ‘ण’ होता तिथला गेला! संस्कृतावरून शुद्धता ठरवायची म्हटली, तर ‘पानी’ म्हणणारी आजीच जास्त बरोबर निघेल.

‘ळ’ तर ऋग्वेदातही आहे. पण तिथं तो दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ‘ड’चा उच्चार, त्यानं अर्थ बदलत नाही. आवाज तोच, पण मराठीत तो अर्थ बदलतो. आवाजाची किंमत ज्या-त्या भाषेत, ज्या-त्या बोलीत ठरते.

आता हे मोठ्यानं म्हणून बघा : ‘चार शेळ्या चार.’ पहिला ‘चार’ चहातल्या ‘च’चा, दुसरा चाऱ्यातल्या ‘च’चा. उच्चार वेगळे, अर्थ वेगळे, अक्षर एकच. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा, तीच गत. 1831 साली मोल्सवर्थचा कोश आला, 1836 साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण, 1962 साली साहित्य महामंडळाचे लेखननियम. आपल्या रोजच्या छापील मराठीत दोन्ही ‘च’ना अक्षर एकच राहिलं. कुणाचं काही अडलं नाही. संदर्भावरून कळतं.

मग ‘न-ण’लाच एवढा दंडुका का? ज्याच्या बोलीत हा भेद नाही, त्याच्यासाठी मन-मण ही जोडीच नाही. बाजारात ‘धा मन कांदा’ म्हटलं तर कुणी दहा जणांची मनं तोलत नाही. वहीत ‘ण’ लिहायला पोराला जरूर शिकवा, लिहिताना सगळ्यांना एक नियम लागतोच. पण वर्गात तोंड उघडल्यावर हसू नका. एकदा हसलं की ते पोर पुढं बोलायचंच थांबतं.

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा तळावर कान देऊन ऐका. वऱ्हाडातला वारकरी डोळ्याला ‘डोया’ म्हणतो, काळ्याला ‘काया’. त्याला आपण माउलीच म्हणतो ना?

तुमच्या घरात आजी ‘कोण’ म्हणते की ‘कोन’? खाली लिहा.