बदली ही शिक्षा नसते

परवा रात्री साडेनऊला एका पालकाचा फोन आला. "भाऊ, शाळेत एक प्रकार झालाय पोराच्या बाबतीत. हेडमास्तर म्हणतात, आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो, मग बघू. काय करू?"

मी म्हणालो, थांबू नका, पोलीस ठाण्यात चला, मी येतो सोबत. प्रकरण आता पोलिसांकडे आहे. त्याबद्दल इथं एक शब्दही लिहिणार नाही. मुलाची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि आपल्याकडे नुसतं वाडीचं नाव घेतलं तरी ओळख पटते. कमेंटमध्येही कुणी अंदाज लावत बसू नका, ही हात जोडून विनंती.

पण "आधी आम्ही चौकशी करतो" हे वाक्य डोक्यातून जाईना. हे वाक्य त्या एका हेडमास्तरांचं नाही. ते फार जुनं आहे. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

१८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पैशातून शिक्षणाचा खर्च निघतो आणि त्याच्याच पोरांना शिक्षण मिळत नाही, हा त्यातला मुद्दा आपल्याला माहीत असतो. पण त्याच निवेदनात शाळा तपासणीबद्दलही लिहिलंय. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनच न कळवताही भेट द्यावी, असं त्यांचं म्हणणं. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांना त्यांचीच कामं उरकत नाहीत, हेही त्यांनी सांगून ठेवलं. साहेब येणार म्हणून शाळा सारवून ठेवतात, हे जोतीराव ओळखून होते. न सांगता गेल्याशिवाय शाळा खरी दिसत नाही.

पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आला. आजोबांच्या तोंडी असायचं ते 'स्कूल बोर्ड' हेच. (मराठवाडा तेव्हा निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांतात, तिथली घडी वेगळी.) १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६४ मध्ये जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी शिस्त आणि अपील नियम झाले. दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, वेतनवाढ रोखणं, सेवेतून काढणं हे सगळं त्यात आहे.

नियम वाईट नाहीत. कर्मचाऱ्याला बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे. पण ते लिहिलेत नोकर आणि मालक यांच्यासाठी. गुरुजी उशिरा आले, हिशेबात गडबड केली, यासाठी ते ठीक आहेत. पोराच्या अंगाला हात लावला, यासाठी ते पुरत नाहीत. तिथं मूल हे फक्त साक्षीदार. आणि तक्रार जाते कशी? मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. म्हणजे रजेचा अर्ज ज्या जिन्यानं चढतो त्याच जिन्यानं. प्रत्येक पायरीवर बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्या कारकिर्दीत बोभाटा नको. मग सर्वांना सोयीचा एक उपाय निघतो. बदली.

इथं मला माझं सांगितलं पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी मी या धंद्यात नवा होतो. डिप्लोमा करून आलेलो, तालुक्याचं पान भरायची घाई. एका गावातल्या बायका पंचायत समितीवर गेल्या होत्या. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "किरकोळ आहे हो, बदली केलीय." मी चार ओळींची बातमी दिली, 'ग्रामस्थांच्या मागणीवरून शिक्षकाची बदली'. त्या बायका कशासाठी आल्या होत्या, हे मी एकीलाही विचारलं नाही. आणि नव्या गावातल्या आयांना कुणी काही सांगितलं का, हे तर मनातही आलं नाही. ते कात्रण अजून फाईलमध्ये आहे. काढून टाकलेलं नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पॉक्सो कायदा लागू झाला आणि हा जिना कागदावर तरी मोडला. कलम १९ म्हणतं, लहान मुलाविरुद्ध लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवायचं. खरं की खोटं हे ठरवायचं काम त्याचं नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद. मुलाचा जबाब घरी जाऊन, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि वर्दी न घालता घ्यायचा, हेही कायद्यातच आहे.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं.

आणि तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. शाळा खासगी होती, पण सवय तीच. गुन्हा नोंदवायला उशीर झाला, लोक रेल्वे रुळावर उतरले, मग उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. न कळवल्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर सरकारनं आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, आणि असा प्रकार कळल्यावर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. यातली तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती आधीच्या आदेशांतही होती. म्हणजे कागद होता, पेटी नव्हती.

माझे बरेच शिक्षक मित्र हे वाचताहेत. त्यांची भीती मला ठाऊक आहे. गावच्या राजकारणात खोट्या तक्रारी होतात. त्यासाठी कलम २२ आहे, बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला नाही. पण सर, निर्दोष माणसाला तरी बदलीनं काय मिळतं? चौकशी न होता बदली झाली की संशय घेऊनच तो पुढच्या गावाला जातो. नीट तपास झाला तरच त्याचं नाव साफ होतं. दाबलेली तक्रार मुलाला बुडवते आणि चांगल्या गुरुजींनाही.

आता आपल्या हातातलं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणभर सदस्य पालक असतात, हा शिक्षण हक्क कायदा आहे. या महिन्याच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी विचारा. तक्रारपेटी कुठं आहे आणि मागच्या वेळी ती कुणासमोर उघडली? सखी सावित्री समितीत कोण आहे? आणि असा प्रकार कळला तर पहिला फोन कुणाला कराल?

तिसऱ्याचं उत्तर "पोलिसांना" असंच आलं पाहिजे. "आधी आम्ही चौकशी करतो" असं आलं, तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. तेही जमलं नाही तर मला फोन करा. यावेळी मी चार ओळींवर थांबणार नाही.