मंडूकपर्णी

(ब्राह्मी, कारिवणा, सेंटेला एशियाटिका, चामरादि कुल). गाजर, कोथिंबीर, ओवा यांची ही रानटी भावकी. पण पाने चिरलेली नसून मूत्रपिंडाकार व दंतुर असल्याने नाते चटकन ओळखू येत नाही. खूण फुलांत सापडते: बारीक, लालसर फुलांचा छोटा चामरकल्प फुलोरा. लिनीअसने 1753 मध्ये तिला हायड्रोकॉटाइल वंशात घातले होते. ओढ्याकाठी, बांधावर ती जमिनीलगत पसरते व पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते.

लागवड याच मुळावलेल्या धावत्या खोडांच्या तुकड्यांनी पावसाळ्यारंभी करतात. बियांची वाट कोणी पाहत नाही. भरपूर शेणखत, अर्धी सावली आणि सतत ओलावा लागतो. झरी जामणीसारख्या कडक उन्हाच्या तालुक्यात कोरडवाहू कपाशीच्या रानात ती तगणार नाही. विहिरीच्या पाटाकडेची झाडाखालची जागा मात्र तिला मानवेल. साधारण तीन महिन्यांनी कापणी करून पाला सावलीत वाळवतात.

चरकसंहितेत तिचा स्वरस मेध्य रसायनांत सांगितला आहे. ॲशियाटिकोसाइड हे तिच्यातील प्रमुख द्रव्य. बाजारात ‘ब्राह्मी’ म्हणून बाकोपा मोनिएरी ही वेगळ्या कुलातील जलब्राह्मीही मिळते. म्हणून रोपे घेताना नावावर नव्हे, पानावर विसंबावे.