हार्लेममधले तळघर

मी चौथीत असताना गुरुजींनी माझ्या वडिलांना शाळेच्या पायरीखाली उभे करून सांगितले होते, "पोरगं मठ्ठ आहे. ढोरं वळायला लावा." वडील मान खाली घालून परतले. मी पुढे शिकलो, शिक्षक झालो. पण फळ्यापुढे उभा राहिलो की तो शब्द अजूनही पाठीमागून ऐकू येतो. म्हणूनच मॅमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम वाचताना ते मला परक्या देशातले वाटले नाही.

मॅमींचा जन्म १९१७ चा, आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्स गावचा. वडील डॉक्टर, तरीही मुलीची शाळा काळ्यांसाठी वेगळी काढलेली. काळ्या बालकाला 'मी कोण' ही जाणीव कशी होते, हा विषय त्यांनी हॉवर्ड विद्यापीठात एम. ए. च्या प्रबंधासाठी घेतला. पती केनेथ क्लार्क हेही मानसशास्त्रज्ञ. केनेथ यांनी १९४० साली आणि मॅमींनी १९४३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. हार्लेम ही काळ्यांची वस्ती त्या विद्यापीठाच्या उशालाच आहे. मॅमींचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट पुढे गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या शाळांच्या बाजूने न्यायालयात साक्ष द्यायला उभे राहिले. ज्ञान देणारा हात आणि वाट अडवणारा हात एकच असू शकतो, हे आपल्याला नवे नाही.

क्लार्क दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन तपकिरी, दोन गोऱ्या. बाकी सारे सारखे. खेळायला कोणती आवडेल? वाईट कोणती दिसते? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती? १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शंभरातल्या ६७ मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ जणांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. शेवटच्या प्रश्नाशी काही मुले अडली, रडत खोलीबाहेर पळाली. आत्ताच जिला वाईट म्हटले ती आपणच, हे त्यांना कळले होते.

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ यांच्या लेखनाचा हवाला आहे. विषय मॅमींनी सुरू केलेला. गाजले ते पतीचे नाव. हेही आपल्याला नवे नाही.

पण त्या प्रयोगातली एक अडचण झाकून चालणार नाही. उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांनी दक्षिणेतल्या मुलांपेक्षा थोड्या जास्तच संख्येने गोरी बाहुली मागितली होती. याचा अर्थ स्पष्ट आहे. बाक एक झाला म्हणून मन मोकळे होत नाही. शाळेबाहेरचा सारा समाज मुलाच्या मनात बसलेला असतो.

हे ओळखून मॅमींनी १९४६ साली हार्लेममध्ये नॉर्थसाइड हे केंद्र काढले. जागा डनबार अपार्टमेंट्सच्या तळघरात. भांडवल वडिलांकडून उसने घेतलेले ९४६ डॉलर. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. इकडे हार्लेममध्ये आईबाप मुलांना घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होते. शाळेने ही मुले मतिमंदांच्या वर्गात ढकललेली. नॉर्थसाइडमध्ये त्यांची चाचणी घेतली तेव्हा बहुतेकांचा बुद्ध्यांक त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर निघाला.

मुलाच्या मनात काय बिघडले, एवढेच विचारून थांबणाऱ्या उपचारावर क्लार्क दांपत्याचा भरवसा नव्हता. घर कसे आहे, शाळा कशी वागवते, हे प्रश्नही उपचारातच आले. मानसोपचाराबरोबर वाचनाचे वर्ग घेतले, आईबापांना आधार दिला. मॅमींनी हे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालवले. १९८३ साली त्या वारल्या.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतले, त्वेष घेतला, आणि ते योग्यच होते. हे तळघर मात्र घ्यायचे राहून गेले. आपल्याकडे बाहुलीचा प्रयोगही जसाच्या तसा होणार नाही. जातीला रंग नसतो, आडनाव असते. आडनाव विचारले की खाली जाणारी मुलाची मान हाच आपला पुरावा. पण पुरावा न्यायालयात लागतो. त्या मुलाला रोज संध्याकाळी शेजारी बसून वाचून दाखवणारे माणूस लागते.

एक कबुली देऊन थांबतो. शिक्षक असताना एका पारधी मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी 'बुद्धी मंद' असे लिहिले आहे. मी त्याची चाचणी घेतली नव्हती. त्याच्या पालावर गेलो नव्हतो. माझ्या गुरुजींचा शब्द मी माझ्या अक्षरात उतरवला होता. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत आला नाही.