ग्रंथाचाही जीर्णोद्धार

देवळाचा होतो तसा ग्रंथाचाही जीर्णोद्धार होतो. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे श्रीज्ञानेश्वरी सिद्ध झाली, सच्चिदानंदबाबा लेखक झाले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे नकलांवरून नकला होत गेल्या. कोणी शब्द बदलला, कोणी पदरची ओवी घुसडली! शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला व यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः एवढे थोर कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात त्यांनी आपली प्रतिभा मिरवली नाही. सप्ताहातील आपली पोथी बहुधा याच परंपरेची. इ. स. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि मूळ पाठ कोणता, हा वाद विद्वानांत जुंपला.